चांदीचं ड्रेसिंग: न भरणाऱ्या जखमेवर कधी लावायचं, कसं लावायचं आणि कधी थांबायचं

अण्णांच्या उजव्या पायाच्या तळव्याला, अंगठ्याच्या बुडाशी, रुपयाच्या नाण्याएवढी जखम होती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिच्यावर चार महिने सिल्व्हरचं ड्रेसिंग चालू होतं. दर तिसऱ्या दिवशी नवा तुकडा. मुलाने कपाटातून बिलांची पिशवीच काढून दाखवली. पट्टी सोडली तर आत लाल, स्वच्छ मांस. वास नाही, पू नाही. पण चारी बाजूंनी घट्टा वाढून जखमेभोवती पांढरा कडक कठडा झालेला. खाटेखाली त्यांची रेक्झिनची चप्पल होती. तिच्यात हात घातला, तर बरोबर अंगठ्याच्या बुडाखाली तळ झिजून खळगा पडलेला आणि खळग्याची कड दगडासारखी. चांदीने आपलं काम बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच उरकलं होतं. पुढचे साडेतीन महिने पैसे गेले ते नुसते सवयीपोटी, आणि पाय रोज त्याच चपलेत जात राहिला.

मी बरीच वर्षं सर्जिकल वॉर्डात सिस्टर होते, आता घरोघरी ड्रेसिंगला जाते. "सिस्टर, ते चांदीवालं लावा की," हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकते. ते कधी लावायचं आणि कधी नाही, हे एकदा नीट लिहून काढावं म्हणून हा खटाटोप. जखम पाहून निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा. पण मधल्या दिवसांत जखम सांभाळणाऱ्या घरच्या माणसाला हे माहीत असायला हवं.

चांदी जखमेवर काय करते

चकचकीत चांदी तशी सुस्त असते. ओलावा मिळाला की तिच्यातून चांदीचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अतिसूक्ष्म कण, सुटतात आणि खरं काम ते करतात. जंतूंच्या आवरणाला भोकं पाडतात, आतल्या प्रथिनांना चिकटून त्यांचं काम बंद पाडतात, डीएनएची नक्कल होऊ देत नाहीत. एकाच वेळी इतक्या ठिकाणी घाव बसत असल्यामुळे जंतूंना चांदीची सवय सहजासहजी होत नाही. अगदी होतच नाही असं मात्र नाही.

हा प्रकार नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत क्रेडे नावाचे डॉक्टर नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालत, जन्माच्या वेळी होणाऱ्या जंतुसंसर्गाने बाळं आंधळी होऊ नयेत म्हणून. 1960 च्या दशकात भाजलेल्या रुग्णांसाठी आधी 0.5 टक्के सिल्व्हर नायट्रेटच्या ओल्या पट्ट्या आल्या आणि 1968 मध्ये सिल्व्हर सल्फाडायझिन. भाजल्यावर लावायची ती पांढरी मलम, घरोघरी ओळखीची, ती हीच. ड्रेसिंगच्या कापडातच चांदी घालून ती हळूहळू सुटत राहील अशी सोय त्यानंतर झाली.

एक मर्यादा पक्की लक्षात ठेवा. चांदी पृष्ठभागावर काम करते. हाडापर्यंत पोचलेला संसर्ग, पोटरीवर पसरत चाललेली लाली, आत साठलेला पू, यांतलं काहीही वरून लावलेल्या तुकड्याने बरं होत नाही. तिथे अँटिबायोटिक आणि सर्जनचं ब्लेड लागतं.

आधी कारण शोधा, मग केमिस्टकडे जा

चार ते सहा आठवडे झाले आणि जखम भरायचं नाव घेत नाही, तर कुठलंही ड्रेसिंग बदलण्याआधी विचारायचं: का भरत नाही? आपल्याकडे उत्तर बहुतेक वेळा चारांपैकी एक निघतं.

पहिलं, डायबेटिसमुळे बधिर झालेला पाय. इथे जखम दाबामुळे होते आणि दाबामुळेच टिकते. ही गोष्ट आपल्या देशात कुष्ठरोग्यांच्या पायांवरून फार आधी कळली होती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरोग्याचं मांस काही मुळातच नासकं नसतं. संवेदना गेल्यामुळे माणूस जखमेवरच चालत राहतो आणि म्हणून ती भरत नाही. पाय प्लास्टरमध्ये घालून दाब वाटून दिला की वर्षानुवर्षांच्या जखमा मिटत. तेच प्लास्टर पुढे जगभर डायबेटिसच्या पायासाठी वापरलं जाऊ लागलं. तळव्याच्या जखमेला आजही पहिला उपाय तोच: प्लास्टर किंवा डॉक्टरांनी सांगितलेला बूट. जखम भरल्यावर ती पुन्हा होऊ नये म्हणून एमसीआरची (मऊ, बारीक छिद्रांच्या रबराची) चप्पल. आणि घट्टा दर एक-दोन आठवड्यांनी जाणकाराकडून तासून घेणं. घरी ब्लेडने स्वतः कापायचा नाही. बधिर पायाला कापल्याचं कळत नाही.

दुसरं, व्हेरिकोज व्हेन्स, म्हणजे पायाच्या फुगलेल्या शिरा. दिवसभर उभं राहणाऱ्यांना, म्हणजे हॉटेलातले आचारी, ट्रॅफिक पोलीस, कंडक्टर, दुकानातले सेल्समन यांना घोट्याच्या आतल्या बाजूला होणारी, सतत पाणी गळणारी जखम. भोवतालची कातडी तपकिरी आणि कडक झालेली असते. हिचं औषध म्हणजे पायाला खालून वर घट्ट कॉम्प्रेशन बँडेज. नुसतं ड्रेसिंग बदलत बसणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

तिसरं, रक्तपुरवठाच कमी. विडी-सिगारेट ओढणारे, डायबेटिसवाले, वयस्कर. पाय गार लागतो, चालताना पोटरी धरते, रात्री पाय खाली सोडला की बरं वाटतं. अशा पायाला कॉम्प्रेशन बांधलं तर बोटं जातील. म्हणून बँडेजच्या आधी घोट्याचं बीपी आणि दंडाचं बीपी मोजून पहिल्याला दुसऱ्याने भागून भागाकार काढतात. 0.9 च्या खाली आला तर रक्त कमी पोचतंय असं धरायचं. डायबेटिसमध्ये धमन्या कडक झाल्याने हा आकडा खोटाच चांगला येऊ शकतो, तेव्हा डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी तपासणी) करून घ्या.

चौथं, बेडसोर, म्हणजे अंथरुणात पडून पडून होणारी जखम. माकडहाड, टाच, खुबा. कूस बदलणं (साधारण दर दोन तासांनी), एअर मॅट्रेस, टाच गादीवर टेकू नये म्हणून पोटरीखाली उशी, आणि पोटात पुरेसं प्रोटीन. आजीला दोन महिने नुसत्या पेजेवर ठेवून जखम भरण्याची वाट बघणारी घरं मी पाहिली आहेत.

या चारांत न बसणारीही जखम असते. कड उचललेली, फुलकोबीसारखी वाढणारी, हात लावताच रक्त येणारी जुनी जखम दिसली तर तिच्या मांसाचा तुकडा तपासायला पाठवायलाच हवा. कधी कॅन्सर निघतो, कधी टीबी.

चांदीची वेळ केव्हा येते

सगळ्या जुन्या जखमांवर जंतू असतातच. स्वॅबमध्ये जंतू सापडले एवढ्यावरून चांदी सुरू करायची नसते. बघायचं ते जखमेकडे. अचानक पाणी वाढलं, काल नव्हता असा वास आला, आतलं मांस लालचुटुक न राहता मळकट किंवा पिळपिळीत झालं, स्पर्श होताच रक्त येऊ लागलं, भरत आलेली जखम दोन आठवडे तिथेच अडली, बधिर पायात नव्याने दुखू लागलं, तर जंतू वरचढ होताहेत असं समजायचं. हीच चांदीची वेळ. हिरवट पाणी आणि गोडसर वास आला तर बहुधा स्यूडोमोनास नावाचा जंतू. त्यावरही चांदी चालते.

उलट स्वच्छ, लाल, हळूहळू लहान होणाऱ्या जखमेवर चांदी वाया जाते. ब्रिटनमध्ये व्हेरिकोज जखमांच्या 213 रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. चांदीचं ड्रेसिंग आणि साधं ड्रेसिंग, दोन्ही कॉम्प्रेशनखाली. 12 आठवड्यांनी भरलेल्या जखमांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नव्हता. खर्च मात्र चांदीचा जास्त. डायबेटिक पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानेही 2023 च्या मार्गदर्शनात नुसती जखम भरावी म्हणून जंतुनाशक ड्रेसिंग वापरू नका असंच म्हटलं आहे.

आणि पुढचं काही दिसलं तर ड्रेसिंगचा विचारसुद्धा नको, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा: ताप, थंडी वाजणं, जखमेच्या कडेपासून दोन सेंटिमीटरच्या पलीकडे पसरलेली लाली, काळं पडलेलं बोट, दाबल्यावर कातडीखाली कुरकुर, एकदम वर गेलेली शुगर, म्हातारं माणूस असंबद्ध बोलू लागणं. "सकाळी बघू" म्हणून पाय गेलेले आहेत.

कोणता तुकडा घ्यायचा

दुकानदार "सिल्व्हरवालं" म्हणून जे हातात देईल ते घेऊ नका. पाकिटावर प्रकार वाचा. खूप पाणी येत असेल तर चांदीचं अल्जिनेट किंवा हायड्रोफायबर. ही कापसाच्या वडीसारखी असतात, पाणी शोषून त्यांची जेली होते, आणि खोल जखमेत सैल भरता येतात. मध्यम पाणी असेल तर चांदीचा फोम. पाणी कमी असेल तर चांदीची जाळी, तिच्यावर गॉज. वास फारच असेल तर कोळसा आणि चांदी एकत्र असलेलं ड्रेसिंग. नॅनो प्रकारचं, म्हणजे चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं, निळसर-करड्या चमकीचं कापड जोरात काम करतं, पण त्याला ओलावा लागतो.

कोरड्या, काळ्या, कडक खपलीवर यांतलं काहीच उपयोगाचं नाही. ओलावाच नाही तर आयन सुटणार कुठून?

पांढऱ्या मलमीबद्दलही विचारलं जातं. ती भाजल्याच्या जखमेची. जुन्या जखमेवर रोज थापली तर पिवळसर पांढरा थर जमतो आणि तो स्लफ (मेलेल्या मांसाचा चिकट थर) आहे की मलम, हेच कळेनासं होतं. सल्फाची अ‍ॅलर्जी असणारा माणूस, दोन महिन्यांच्या आतलं बाळ, दिवस भरत आलेली गर्भार बाई यांना ती नको.

तुकडा जखमेच्या मापाचाच घ्या. मोठा 10 बाय 10 सेंटिमीटरचा घेऊन चार भाग करायचे आणि उरलेले फ्रिजमध्ये ठेवायचे, ही काटकसर घराघरांत चालते. उघडलेलं पाकीट निर्जंतुक राहत नाही. 5 बाय 5 चा घेतला तर हा प्रश्नच उरत नाही.

लावायची पद्धत

आधी सगळं सामान एका ताटात मांडा: दोन जोड ग्लोव्हज, सलाइनची बाटली, 20 मिलीची सिरिंज, निर्जंतुक गॉज, कात्री, ड्रेसिंग, गमजी पॅड (कापूस भरलेली जाड घडी), रोलर बँडेज, मायक्रोपोरची चिकटपट्टी, आणि घाण टाकायला पिशवी. पंखा बंद. पेशंटला दुखणार असेल तर डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी अर्धा-पाऊण तास आधी.

हात साबणाने धुवा, पहिले ग्लोव्हज चढवा, जुनी पट्टी सोडा. ती चिकटली असेल तर ओढू नका. सलाइन सोडा, पाच-दहा मिनिटं थांबा, कडेकडून उचला. ओढून काढलेल्या पट्टीबरोबर आठवड्याभरात आलेलं नवं मांस निघून येतं.

इथे दोन गोष्टींनी घरचे घाबरतात. जखमेवर आणि भोवती करडा-काळा डाग दिसतो. "सिस्टर, गँग्रीन झालं!" नाही. चांदीचा रंग आहे, बराचसा धुतल्यावर जातो. गँग्रीनचा काळेपणा धुऊन जात नाही, आणि ती कातडी गार व सुकलेली किंवा कुजकी लागते. दुसरं म्हणजे अल्जिनेटची पिवळट-हिरवट जेली. ती हुबेहूब पुवासारखी दिसते. म्हणून जखमेचा वास, रंग आणि माप यांचा निकाल धुतल्यानंतरच लावायचा, आधी नाही.

आता धुणं. माझ्या मते सगळ्या ड्रेसिंगमधलं निम्मं काम हेच. जुन्या जखमेवर जंतू चिकट पापुद्र्याच्या आडोशाला बसलेले असतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या पापुद्र्यातून चांदी नीट आत शिरत नाही. सिरिंजने सलाइनचा जोरदार फवारा मारा, मग ओल्या गॉजने आतून बाहेर पुसून घ्या. हलकं गुलाबी रक्त दिसलं तरी चालेल. पिवळा स्लफ आणि मेलेलं कातडं डॉक्टर किंवा प्रशिक्षित सिस्टर काढतील, आणि ते काढल्यानंतर लगेच लावलेली चांदी सगळ्यांत जास्त काम देते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला छान वाटतो, पण तो नव्या पेशीही मारतो. बीटाडीन आणि चांदी एकाच वेळी नकोत; डॉक्टर दोनपैकी एक निवडतील. हळद, कॉफी पावडर, टूथपेस्ट, अंगारा, दगडी पाला ठेचून, बिब्बा, हे सगळं मी जखमांतून उपसून काढलेलं आहे. बिब्ब्याने तर चांगल्या कातडीवरही फोड उठतात.

धुऊन झालं की ग्लोव्हज बदला. भोवतालची कातडी कोरडी टिपा. ती ओली, पांढरी, सुरकुतलेली दिसत असेल (बराच वेळ कपडे धुतल्यावर बोटं होतात तशी), तर पाणी जास्त येतंय आणि ड्रेसिंग कमी पडतंय. कडेच्या कातडीला झिंकची मलम पातळ लावता येते, पण ती चांदीच्या कापडाखाली जाऊ देऊ नका. व्हॅसलीनसारखे तेलकट थर बऱ्याच चांदीच्या ड्रेसिंगचं काम अडवतात.

तुकडा कापताना अल्जिनेट जखमेच्या बरोबर मापाचं, हायड्रोफायबर कडेला साधारण सेंटिमीटरभर जास्त. खोल खळग्यात सैल ठेवा. ठासून भरलं तर दाब येतो आणि शोषायला जागा उरत नाही. वापरलेले तुकडे मोजून ठेवा, आत विसरलेली चिंधी महिनोन्‌महिने पू काढत राहते.

नॅनो कापड लावण्याआधी ओलं करायचं असतं, आणि इथे बहुतेक जण चुकतात. सलाइनने नाही, निर्जंतुक पाण्याने. सलाइनमधल्या क्लोराइडशी चांदीची गाठ पडली की सिल्व्हर क्लोराइडचा साका बसतो आणि मोकळी चांदी कमी होते. केमिस्टकडे "वॉटर फॉर इंजेक्शन"ची 10 मिलीची अँप्यूल मिळते, ती पुरते. जास्तीचं पाणी निथळू द्या. अल्जिनेट आणि हायड्रोफायबर मात्र ओल्या जखमेवर कोरडेच ठेवायचे.

वरून गमजी किंवा फोम, मग बँडेज. बोटांकडून वर गुंडाळा आणि बोटांची टोकं उघडी ठेवा. रंग निळसर झाला किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडा. पट्टीवर तारीख लिहा.

पुढचं ड्रेसिंग कधी, ते पाकिटावर असतं: काही तीन दिवसांनी, काही सात दिवसांपर्यंत. संसर्ग जोरात असेल तर पहिल्या आठवड्यात एक-दोन दिवसांनी बघावं. वरचा पॅड भिजून डाग बाहेर आला तर तेव्हाच बदला. पण रोज उघडायची खाज नको. चांदी हळूहळू सुटण्यासाठीच आपण पैसे मोजलेले असतात.

घाण जाड पिशवीत बांधून, वर खूण करून वेगळी द्या. सुई किंवा ब्लेड असेल तर प्लास्टिकच्या घट्ट डब्यात. घंटागाडीवरच्या बाईंचे हात आपल्यासारखेच आहेत.

चौदा दिवसांचा हिशेब

2012 मध्ये जखमांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने एक सुटसुटीत नियम घालून दिला: चांदी दोन आठवडे लावा, मग थांबून निर्णय घ्या. जखम सुधारली आणि संसर्गाच्या खुणा गेल्या, तर चांदी बंद, साधं ड्रेसिंग सुरू. सुधारली पण खुणा थोड्या उरल्या, तर पुढे चालू ठेवा आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा बघा. काहीच फरक नाही, तर तोच तुकडा चालू ठेवू नका. कारण पुन्हा तपासा, हाडाचा एक्सरे काढा, गरज पडली तर अँटिबायोटिक.

हा निर्णय आठवणीवर घ्यायचा नाही. पहिल्या दिवशी, सातव्या आणि चौदाव्या दिवशी धुतल्यानंतर फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवून, त्याच उजेडात, त्याच अंतरावरून. लांबी आणि रुंदी वहीत लिहा. 4 बाय 3 म्हणजे 12; महिन्याने 3 बाय 2 म्हणजे 6, निम्मी झाली. डायबेटिक पायाची जखम चार आठवड्यांत निम्म्याच्या आसपास आली नाही, तर ती याच उपचाराने भरण्याची शक्यता कमी असते. तेव्हा डॉक्टरांसमोर वही ठेवा आणि विचारा.

थोडी सावधगिरी

चांदीची अ‍ॅलर्जी असेल तर अर्थातच नाही. एमआरआयला जाताना ड्रेसिंगमध्ये चांदी आहे हे तिथे सांगा. पुष्कळदा ते काढायला लावतात. रेडिएशन चालू असलेल्या जागेवर लावू नका. मेलेलं मांस विरघळवणारी कोलाजिनेजची मलम चालू असेल तर चांदी तिचं काम मारते. मोठ्या जखमांवर महिनोन्‌महिने वापरली तर चांदी शरीरात साठू शकते आणि क्वचित कातडी कायमची करडी-निळी पडते. लहान मुलं आणि किडनीचे पेशंट यांच्याबाबत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

अण्णांची चांदी त्या दिवशीच डॉक्टरांना फोन करून बंद केली. सर्जननी घट्टा तासला, एक्सरे काढला, हाड चांगलं होतं, आणि पायाला प्लास्टर बसलं. आत साधं न चिकटणारं ड्रेसिंग, दर आठवड्याला प्लास्टर बदलून. सातव्या आठवड्यात जखमेच्या जागी गुलाबी कातडी आली. एमसीआरची चप्पल आणली तरी जुनी टाकू देईनात. "गोठ्यात जायला राहू दे," म्हणाले. सुनेने काहीच वाद घातला नाही. दुपारी ते झोपले असताना विळीवर जुन्या चपलेचे दोन्ही अंगठे कापून ठेवले.